कोणाला उठवायचं, कोणाला नाही

आठ कोअरच्या लॅपटॉपचं बटण दाबलं की आठही कोअर कामाला लागतात, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लागतो एकच. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत वीज आल्याआल्या हार्डवेअर आठांतला एक कोअर पुढे काढतं. त्याला बूटस्ट्रॅप प्रोसेसर म्हणतात. उरलेल्या सातांना फर्मवेअर स्वतःच्या कामापुरतं हलवतं आणि पुन्हा थांबवून ठेवतं. मग लिनक्सचं कर्नल मेमरीत येतं, त्या एकट्या कोअरवर चालू लागतं, मेमरीचा हिशेब मांडतं, घड्याळं लावून घेतं. हे सगळं होईपर्यंत बाकीचे सात त्याच चिपवर स्वस्थ पडलेले असतात. हाक आल्याशिवाय ते हलत नाहीत.

ही हाक किती जणांना मारायची, हे कर्नलला कोण सांगतं?

एखादी सेटिंग्जची फाइल असेल, असं वाटतं. पण फाइल असते डिस्कवर, डिस्क वाचायला ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर चालवायला कर्नल लागतं, आणि कर्नल तर अजून डोळे चोळतंय. ही अडचण एका साध्या युक्तीने सुटते. कर्नलला डिस्कवरून उचलून मेमरीत सोडणारा बूटलोडर, पीसीवर बहुधा ग्रब, त्याच्यासोबत मजकुराची एक ओळ ठेवून जातो. फाइल नाही, डेटाबेस नाही, नुसती अक्षरं. पीसीवर ह्या ओळीची कमाल लांबी २०४८ अक्षरं, म्हणजे ह्या लेखातल्या काही परिच्छेदांची जागा. जगात आल्यावर कर्नल जे अगदी सुरुवातीला वाचतं, त्यात ही ओळ असते. तिच्यातल्या शब्दांना बूट पॅरामीटर म्हणतात.

ही ओळ डोळ्यांनी बघता येते. उबुंटूसारखं लिनक्स असलेल्या मशीनवर ग्रबचा मेनू आला की 'ई' हे बटण दाबायचं. समोर एक छोटा एडिटर उघडतो आणि त्यात 'लिनक्स' ह्या शब्दाने सुरू होणारी एक लांब ओळ दिसते. आधी कर्नलच्या फाइलचा पत्ता, मग 'रूट=' आणि डिस्कच्या भागाची लांबलचक ओळख, मग 'आरओ', 'क्वाएट', 'स्प्लॅश'. 'आरओ' म्हणजे सुरुवातीला डिस्क फक्त वाचण्यापुरती उघड; 'क्वाएट' म्हणजे फार बडबड करू नकोस; 'स्प्लॅश' म्हणजे तोवर पडद्यावर चित्र दाखव. ह्यांच्या शेजारी एक जागा सोडून 'मॅक्ससीपीयूज=१' असं लिहायचं (प्रत्यक्षात अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत) आणि कंट्रोल-एक्स दाबायचं.

मशीन नेहमीसारखं सुरू होतं. पासवर्ड मागतं, डेस्कटॉप येतो. टर्मिनल उघडून 'एनप्रॉक' ही आज्ञा दिली की उत्तर येतं: १. ब्राउझर उघडला की तो धापा टाकतो. 'एलएससीपीयू' विचारलं तर ते सरळ सांगतं की चालू असलेला सीपीयू फक्त ०, बंद असलेले १ ते ७. बाकीचे सात जागच्या जागी आहेत, नुसते बोलावलेले नाहीत. हजारो रुपयांचं सिलिकॉन नऊ अक्षरांनी झोपवलेलं.

आता ती हाक नेमकी असते कशी, हे बघण्यासारखं आहे, कारण मला ह्या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत अद्भुत वाटतं. जागा झालेला कोअर दुसऱ्याला दोन इशारे धाडतो. पहिला 'इनिट', म्हणजे होतं नव्हतं ते विसर. दुसरा 'स्टार्टअप', म्हणजे इथून सुरू कर. ह्या दुसऱ्या इशाऱ्यात पत्त्यासाठी जागा असते फक्त एका बाइटची. एका बाइटमध्ये २५६ आकडे मावतात, आणि प्रत्येक आकडा ४ किलोबाइटच्या एकेका पानाकडे बोट दाखवतो. गुणाकार केला तर १०२४ किलोबाइट, बरोबर १ मेगाबाइट. मशीनमध्ये ६४ गिगाबाइट मेमरी का असेना, नवा कोअर जागा होणार तो पहिल्या मेगाबाइटमध्येच. आणि जागा होतो तो १६ बिटच्या अवस्थेत, जणू तो १९७८ सालचा इंटेल ८०८६ आहे. कर्नलने त्याच्यासाठी तिथे 'ट्रॅम्पोलिन' नावाचा छोटासा कोड आधीच ठेवलेला असतो. तो कोड त्याला १६ बिटवरून ३२ वर आणि ३२ वरून ६४ वर चढवतो, आणि मग कोअर आपल्या भावंडांत येऊन बसतो. अख्ख्या पीसीच्या इतिहासाची ही उजळणी प्रत्येक बूटला, प्रत्येक कोअरसाठी नव्याने होते. आपल्याला त्यातलं दिसतं ते कर्नलच्या नोंदींतलं एक वाक्य: १ नोड आणि ८ सीपीयू उठवले.

जुन्या प्रोसेसरांना पहिला इशारा दिल्यावर १० मिलिसेकंद थांबावं लागे. सात कोअर असतील तर त्याचं काहीच वाटत नाही. अडीचशे असतील तर अडीच सेकंद नुसत्या वाट बघण्यात जातात. नव्या प्रोसेसरांसाठी कर्नलने ही वाट बघणं शून्यावर आणलं, पण एखादा हट्टी जुना असलाच तर तो अवधी ठरवायलाही वेगळा बूट पॅरामीटर आहे. तरी हाका एकापाठोपाठ एकच मारल्या जात होत्या. पीसी घराण्यात बऱ्याच जणांना एकदम उठवायची सोय लिनक्सच्या ६.५ ह्या आवृत्तीत, २०२३ साली आली.

मुळात लिनक्सला एकाहून अधिक प्रोसेसर ही गोष्ट उशिरा कळली. लिनस टॉरवाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ साली ते लिहायला घेतलं ते एकुलत्या प्रोसेसरच्या पीसीसाठी. अनेक प्रोसेसरांची सोय १९९६ च्या जून महिन्यात आवृत्ती २.० मध्ये आली, आणि तीही एका मोठ्या कुलपासकट: कर्नलच्या आत एका वेळी एकाच प्रोसेसरने शिरायचं, बाकीच्यांनी दाराबाहेर थांबायचं. ते कुलूप तुकड्यातुकड्याने काढत काढत पूर्ण निघायला २०११ उजाडलं.

'मॅक्ससीपीयूज' आणि त्याचा चुलतभाऊ 'एनआरसीपीयूज' ह्यांत लोक हमखास गल्लत करतात. पहिला म्हणतो, बूट होताना इतकेच उठव. बाकीच्यांची नावं यादीत राहू देत. म्हणून नंतर 'सिस' फोल्डरमधल्या त्या त्या कोअरच्या 'ऑनलाइन' नावाच्या फाइलमध्ये १ लिहिलं की तो कोअर चालत्या मशीनमध्ये जागा होतो, रीबूटची गरज नाही. दुसरा पॅरामीटर जास्त कडक आहे. तो म्हणतो, ह्या आकड्यापलीकडे कुणी अस्तित्वातच नाही असं समज. मग नंतर कितीही डोकं आपटलं तरी तो कोअर मिळत नाही, कारण कर्नलने त्याच्यासाठी मेमरीतही जागा धरलेली नसते. पहिल्याची आणखी एक गंमत म्हणजे काही लिनक्स वितरणांत 'बंद कोअर दिसला की चालू कर' असा आगाऊ नियम असतो. तुम्ही सातांना झोपवता आणि हा नियम त्यांना गुपचूप उठवून बसतो.

आणि 'मॅक्ससीपीयूज'मधला शेवटचा 'ज' लिहायचा राहिला तर? कर्नल बूट थांबवत नाही. ओळखीचा नसलेला शब्द ते पुढे पहिल्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे 'इनिट'च्या (हा मघाचा इशारा नव्हे), हवाली करतं आणि आठही कोअर नेहमीसारखे उठवतं. नव्या आवृत्त्यांत नोंदींमध्ये अनोळखी शब्दांबद्दल एक ओळ तरी उमटते. जुन्या आवृत्त्यांत तीही नसे.

पण असलेले कोअर मुद्दाम कमी कशाला करायचे? एक कारण उघड आहे: दोन कोअरच्या मशीनवर आपला प्रोग्रॅम कसा चालेल ते आठ कोअरच्या मशीनवर बसून बघणं. दुसरं कारण मात्र फारच विलक्षण आहे, आणि ते जगातल्या असंख्य सर्व्हरांवर रोज तयारीत उभं असतं.

कर्नल स्वतःच कोसळलं तर ते का कोसळलं हे लिहून कोण ठेवणार? कोसळलेल्या कर्नलवर विश्वास ठेवून डिस्कवर लिहायला सांगणं धोक्याचं. म्हणून 'केडंप' नावाची सोय आहे. बूटच्या ओळीत 'क्रॅशकर्नल=२५६एम' असं काही लिहिलेलं असतं; त्यामुळे सुरुवातीलाच मेमरीचा एक तुकडा बाजूला काढला जातो आणि त्यात दुसरं एक कर्नल आणून निजवलं जातं. पहिलं कर्नल कोसळलं की मशीन रीसेट न होता उडी थेट ह्या दुसऱ्यात पडते. ते जागं होतं, मेलेल्या कर्नलची मेमरी जशीच्या तशी डिस्कवर उतरवतं आणि मग मशीन रीबूट करतं. ह्या दुसऱ्या कर्नलच्या ओळीत सहसा 'एनआरसीपीयूज=१' असतं. प्रत्येक कोअरमागे थोडी मेमरी लागते आणि इथे मेमरी मोजकी. शिवाय पंचनाम्याला एक जण पुरतो.

ह्यातही एक खाच आहे. कोसळायची वेळ आली तेव्हा ज्या कोअरवर काम चालू होतं त्याच्यावरच दुसरं कर्नल जन्म घेतं. तो मूळचा बूटस्ट्रॅप प्रोसेसर असेलच असं नाही. अशा वेळी ह्या नव्या कर्नलने भोळेपणाने सगळ्यांना उठवायला घेतलं आणि 'इनिट'चा इशारा त्या बूटस्ट्रॅप प्रोसेसरला गेला, तर अख्खं मशीन रीसेट होऊ शकतं आणि पंचनामाही पुसला जातो. म्हणून एकाहून जास्त कोअर हवेच असतील तर 'त्या एकाला तेवढा हात लावू नकोस' असं सांगणारा स्वतंत्र बूट पॅरामीटर बरीच वर्षं लिहावा लागे. हे वाचलं तेव्हा मी हात जोडले. कुणीतरी कुठेतरी ह्याची ठेच खाल्ली असणार, त्याशिवाय असा शब्द जन्माला येत नाही.

आता ह्याच्या पुढची पायरी: कोअरला उठवायचं, पण काम द्यायचं नाही. 'आयसोलसीपीयूज=२,३' असं ओळीत लिहिलं की कोअर २ आणि ३ जागे तर होतात, पण शेड्युलर त्यांना आपल्या नेहमीच्या कामवाटपातून वगळतो. ब्राउझर, ईमेल, अपडेट, कुणीही तिकडे फिरकत नाही. आपण 'टास्कसेट' ह्या आज्ञेने एखादा प्रोग्रॅम तिथे नेऊन बसवला तरच तो तिथे चालतो. वगळणं किती पक्कं असतं ह्याचा अनुभव घ्यायचा तर दोन कामं 'कोअर २ किंवा ३' असं सांगून सोडावीत. दोन्ही एकाच कोअरवर दाटीवाटीने बसून राहतात आणि दुसरा शेजारी रिकामा! त्यांना वाटून द्यायला तिथे कुणी उरलेलंच नसतं.

हा दिसायला अपव्यय. पण कमी कोअर लावले तर कधी कधी काम जास्त होतं, ह्याचा पुरावा २००३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेने छापला. त्यांच्या 'एएससीआय क्यू' ह्या महासंगणकात ८१९२ प्रोसेसर होते, प्रत्येक खणात, म्हणजे नोडमध्ये, ४. (त्यावर लिनक्स नव्हतं, ट्रू६४ युनिक्स होतं; पण दुखणं तेच.) फाब्रिझिओ पेट्रिनी, डॅरेन कर्बिसन आणि स्कॉट पाकिन ह्या तिघांना दिसलं की मशीन गणितापेक्षा बरंच हळू चालतंय, आणि मोठ्या कामात खणातले चारही प्रोसेसर वापरण्यापेक्षा तीनच वापरले तर ते जास्त वेगाने चालतं.

कारण असं. अशा गणितांत प्रत्येक टप्प्याला सगळे प्रोसेसर एकमेकांसाठी थांबतात. ढोल-ताशा पथकात पुढचा ठोका सगळ्यांचा आधीचा ठोका पडल्यावरच घ्यायचा असं ठरवलं, तर एकाने घाम पुसायला हात थांबवला की सगळी मिरवणूक थांबते. आणि वादक हजारो असतील तर दर ठोक्याला कुणी ना कुणी घाम पुसतोच. प्रोसेसरांचा घाम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक कामं: देखरेख करणारे प्रोग्रॅम, घड्याळाचे ठोके, खणाखणांतली खुशाली. प्रत्येक काम नगण्य, पण बेरीज अवाढव्य. त्यांतली बरीच कामं ह्या तिघांनी हटवली किंवा कमी केली, आणि 'सेज' नावाच्या एका खऱ्या प्रोग्रॅमचा वेग दुप्पट झाला. ना नवं हार्डवेअर, ना प्रोग्रॅममध्ये बदल. हा धडा अजून लागू आहे. २०२२ साली एक्साफ्लॉपचा टप्पा अधिकृतपणे ओलांडणाऱ्या ओक रिज प्रयोगशाळेच्या 'फ्रंटियर' ह्या महासंगणकात प्रत्येक खणातल्या ६४ कोअरांपैकी ८ कोअर सिस्टिमसाठी बाजूला ठेवलेले असतात; वापरणाऱ्याच्या वाट्याला ५६ येतात. तिथे ही वाटणी बूटच्या ओळीतून नाही, कामं वाटणाऱ्या 'स्लर्म'कडून होते, एवढाच फरक.

लिनक्सवर हा गोंगाट हटवायचा तर 'आयसोलसीपीयूज' एकटं पुरत नाही. कर्नलचं घड्याळ प्रत्येक कोअरला सेकंदाला २५० किंवा १००० वेळा टोकतं, म्हणजे ४ मिलिसेकंदांनी किंवा १ मिलिसेकंदाने एकदा: काम बदलायचंय का? 'नोहर्ट्झ_फुल' हा पॅरामीटर सांगतो की त्या कोअरवर एकच काम चालू असेल तर टोकू नकोस. 'आरसीयू_नोसीबीज' सांगतो की जुनी माहिती मेमरीतून झाडून काढायचं कामही दुसऱ्यांकडे दे. घरकाम कुणालातरी करावंच लागतं, आणि ते बूटस्ट्रॅप प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. त्याला 'नोहर्ट्झ_फुल'च्या यादीत घातलं तरी कर्नल त्याला बाहेर काढतं. सगळ्यांत आधी उठणाऱ्याच्या नशिबी हेच, हे घरोघरी ठाऊक आहे.

ह्याचा उपयोग कुठे? मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात नॅशनल स्टॉक एक्स्चेंजच्या यंत्रांशेजारी दलाल कंपन्या आपले सर्व्हर ठेवतात, तिथे स्पर्धा मायक्रोसेकंदांची असते. जगभरच्या अशा व्यवहारांत कोअर राखून ठेवणं ही नित्याची गोष्ट आहे. पण मला त्याहून आवडतं ते 'लिनक्ससीएनसी'चं उदाहरण. हे मिलिंग यंत्रं आणि लेथ चालवणारं फुकट सॉफ्टवेअर. साध्या पीसीच्या प्रिंटर पोर्टमधून ते स्टेपर मोटरला ठोके देतं, दर २५ मायक्रोसेकंदांच्या आसपास एकदा. ठोका उशिरा पडला तर मोटर अडखळते आणि कापलेल्या धातूवर ते दिसतं. त्यात एक चाचणी आहे: ती चालू ठेवायची, खिडक्या सरकवायच्या, व्हिडिओ लावायचा, मशीनला जमेल तितका त्रास द्यायचा आणि ठोका जास्तीत जास्त किती चुकला ते बघायचं. १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर पीसी कामाचा. नसेल, तर सुचवल्या जाणाऱ्या उपायांत एक कोअर 'आयसोलसीपीयूज'ने राखून ठेवणं हा आहेच. भंगारात जायच्या लायकीचा पीसी त्या एका शब्दाने लेथ चालवू लागू शकतो. कर्नलच्या कागदपत्रांत ह्या पॅरामीटरवर 'जुना झाला, दुसरी सोय वापरा' असा शिक्का आहे, तरी लोक तोच वापरतात.

२०१८ ने ह्या शब्दांना वेगळंच वजन दिलं. जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर ह्या प्रोसेसरांतल्या त्रुटी जाहीर झाल्या, ऑगस्टमध्ये एल१टीएफ. शेवटच्या त्रुटीत एकाच कोअरवर दोन कामं एकदम चालवणारं हायपर-थ्रेडिंग अडचणीचं ठरलं, कारण शेजाऱ्याचं गुपित शेजारी वाचू शकत होता. उपाय म्हणून 'नोएसएमटी' आला: प्रत्येक कोअरचं दुसरं जुळं बंद ठेव. पण कर्नल त्या जुळ्याला एकदा उठवतंच, आणि मग झोपवतं. का? हार्डवेअरमध्ये गंभीर बिघाड झाला की त्याची आरोळी सगळ्यांना ऐकू जाते, झोपलेल्यांनाही. आरोळी ऐकल्यावर काय करायचं हे ज्याला शिकवलेलं नाही तो घाबरून अख्खं मशीन बंद पाडू शकतो. म्हणून आधी उठवून तेवढं एक शिकवायचं आणि मग पडू द्यायचं.

उलट बाजूही आहे. काम नसताना कोअर किती गाढ झोपेल, हेही ओळीत लिहिता येतं. 'आयडल=पोल' म्हटलं की तो झोपतच नाही, रिकामा फिरत राहतो; प्रतिसाद झटपट, पण उष्णता आणि विजेचं बिल वाढतं. इंटेलच्या बे ट्रेल चिपवरचे स्वस्त लॅपटॉप लिनक्सवर अचानक गोठायचे, तेव्हा 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१', म्हणजे गाढ झोपू नकोस, हा उतारा हजारो लोकांनी वापरला. बॅटरी लवकर संपायची, पण मशीन चालायचं.

'मिटिगेशन्स=ऑफ' हा शब्द मात्र वेग वाढवण्याच्या नावाखाली सर्रास वाटला जातो. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून आलेला हा एक शब्द वर सांगितलेल्या सगळ्या त्रुटींवरचे उपाय एका झटक्यात काढून टाकतो. ज्या मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता तिथे तो लिहू नका. कुणी लांबलचक ओळ हातात दिली तर प्रत्येक शब्द आधी कर्नलच्या पॅरामीटरांच्या यादीत शोधा. ती हजारो ओळींची आहे, पण साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. पहिला प्रयोग 'मॅक्ससीपीयूज'चाच करा. ग्रबच्या एडिटरमध्ये केलेला बदल त्या एका बूटपुरताच टिकतो.